गोळी लिहिण्याआधीचा प्रश्न

"डॉक्टर, हिला झोप येत नाही. उगाच रडते, चिडचिड करते, स्वयंपाकात लक्ष नाही." मानसोपचाराच्या ओपीडीत बायकोच्या वतीने नवरा बोलत असतो. ती शेजारच्या खुर्चीवर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. डॉक्टर तिच्याकडे वळून विचारतात, "तुम्हाला काय होतंय?" ती आधी नवऱ्याकडे बघते आणि मग म्हणते, "हे म्हणतात तेच." केसपेपरवर लिहिलं जातं: निद्रानाश, उदासी, अस्वस्थता. दोन गोळ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा या. बाहेर बाकांवर आणखी रुग्ण ताटकळलेले असतात.

या डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही. त्यांना लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं आणि ती त्यांनी बरोबर ओळखली. नवऱ्याला "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" असं म्हणण्याची हीच वेळ आहे, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. तसं शिकवलंच पाहिजे, असं सांगणारा नियम आपल्याकडे नाही. हा लेख त्या नसलेल्या नियमाविषयी आहे.

मार खाणारी बाई पोलीस चौकीची पायरी सहसा शेवटी चढते. त्याआधी ती पाठदुखीसाठी, डोकेदुखीसाठी, छातीत धडधडतं म्हणून, झोप लागत नाही म्हणून दवाखान्यात जाऊन आलेली असते. चौकीत जाणं म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणं; डॉक्टरकडे जाण्याला कुणाची हरकत नसते, उलट सासरचेच घेऊन येतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. याच सर्वेक्षणात देशभरातल्या ज्या स्त्रियांनी कुणाकडूनही शारीरिक किंवा लैंगिक हिंसा भोगली होती, त्यांतल्या फक्त १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती. उरलेल्या कुठे गेल्या? त्यांतल्या कित्येकींच्या हातात दवाखान्याची फाइल असते. आत हिंसेचा शब्दही नसतो.

आता परवान्याकडे येऊ. मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्यांचा एकच एक परवाना आपल्याकडे नाही. मानसोपचारतज्ज्ञ हे आधी डॉक्टर, त्यामुळे त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे. मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते, समुपदेशक, इतर मानसशास्त्रज्ञ हे बहुतेक सारे कालपरवापर्यंत कुठल्याच परिषदेच्या छत्राखाली नव्हते. संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीचा राष्ट्रीय आयोग नेमणारा २०२१चा कायदा आला, तेव्हा कुठे त्यांची नावं सूचीत लागली. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना तो टिकवण्यासाठी शिकत राहावं लागतं. डॉक्टरांना पाच वर्षांत ३० श्रेयांक जमवायचे असतात, पुनर्वास परिषदेच्या नोंदणीकृतांना पाच वर्षांत १०० गुण. परिषदा, कार्यशाळा, व्याख्यानं यांतून हे गुण मिळतात. त्यांतला एकही गुण घरगुती हिंसाचारासाठी राखून ठेवलेला नाही. एखादी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तीस वर्षं उत्तम व्यवसाय करून निवृत्त होईल आणि या विषयावरच्या एका तासालाही तिला बसावं लागलेलं नसेल.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी ही गोष्ट परवान्यालाच बांधून टाकली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २००४ नंतर पदव्युत्तर शिक्षण सुरू केलेल्या मानसशास्त्रज्ञाला जोडीदाराकडून होणारा छळ ओळखणं, जोखणं आणि त्यात मदत करणं या विषयाचं किमान १५ तासांचं शिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही. फ्लोरिडात परवान्याचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी होतं आणि दर तिसऱ्या नूतनीकरणाला दोन तास घरगुती हिंसाचाराचे द्यावे लागतात. सहा वर्षांत दोन तास म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. मलाही ते फार थोडंच वाटतं. पण त्या दोन तासांनी एक गोष्ट ठरून जाते. हा विषय हौशी लोकांचा किंवा 'स्त्रीवादी' मंडळींचा न राहता व्यवसायाचा भाग होतो.

या तासांत शिकायचं तरी काय, असा प्रश्न पडेल. ज्याला माणसाचं मन कळतं, त्याला मार खाल्लेल्या बाईचं मन कळणार नाही का? काही वर्षांपूर्वी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका छोट्या सभागृहात नवशिक्या समुपदेशकांची कार्यशाळा होती, तिथे मी मागच्या रांगेत बसले होते. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवलेल्या. एक मुलगी पीडित बाई झाली, दुसरी समुपदेशक.

"काल रात्री त्यांनी ताट फेकलं," पहिली म्हणाली.

"कशावरून?" दुसरीने अगदी मायेने विचारलं.

"भाजीत मीठ जास्त झालं होतं."

"मग त्यांना मीठ कमी लागतं हे तुम्हाला माहीत होतं ना?"

प्रशिक्षक बाईंनी तिथेच थांबवलं. "तुम्ही 'कशावरून' विचारलंत आणि चौकशी मिठाची सुरू झाली. ताट कुणी फेकलं, ते राहूनच गेलं." सभागृहात एकदम शांतता पसरली, कारण आम्ही सगळ्यांनीच मनातल्या मनात तोच प्रश्न विचारला होता. मग पुन्हा सुरुवात झाली. या वेळी समुपदेशक झालेली मुलगी थोडी थांबली आणि म्हणाली, "ताट फेकलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? घरात आणखी कोण होतं?" समोरची मुलगी नाटकच करत होती, तरी तिचा आवाज बदलला. "मी ओट्यापाशी. मुलगी टेबलाखाली जाऊन बसली होती. ती नेहमी तिथेच बसते." 'नेहमी' या एका शब्दात किती रात्री होत्या! पहिल्या प्रश्नाने तो शब्द कधीच बाहेर आला नसता.

'कशावरून' हा शब्द आपल्या तोंडी फार सहज येतो. नवरा-बायकोचं भांडण म्हटलं की टाळी दोन हातांनी वाजते, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि समुपदेशक याच घरांत वाढलेला असतो. त्यातून शास्त्राने त्याला शिकवलेलं असतं की समुपदेशकाने तटस्थ असावं. परीक्षेच्या ताणाला, व्यवसायनिवडीला ही तटस्थता शोभते. जिथे एकाची दुसऱ्याला भीती आहे तिथे तटस्थ राहणारा माणूस ज्याची भीती वाटते त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो, त्याची इच्छा असो वा नसो.

म्हणूनच दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करण्याबाबत प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा. जोडप्याच्या समुपदेशनात मोकळेपणी बोला, मनातलं सांगा, असं सांगतात. ती विश्वासाने बोलते. परतीच्या वाटेवर रिक्षात कुणी काही बोलत नाही, आणि घराचं दार लागल्यावर त्या मोकळेपणाची किंमत तिला मोजावी लागते. पुढच्या सत्रात ती म्हणते, "आता सगळं ठीक आहे." फाइलवर 'सुधारणा' लिहिलं जातं.

कायद्याने हा धोका ओळखला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी दोघांना किंवा एकेकट्याला समुपदेशनासाठी पाठवू शकतात. त्यासाठीच्या नियमांत एक तरतूद आहे, ती मला प्रत्येक समुपदेशकाच्या टेबलावर लावून ठेवावीशी वाटते: हिंसा करणाऱ्याला समुपदेशनात आपल्या हिंसेचं समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. म्हणजे मिठाचा विषय निघूच शकत नाही. समुपदेशनाचा पहिला हेतू असा की हे पुन्हा घडणार नाही याची हमी मिळावी. समेट नंतर, आणि तोही तिला हवा असेल तर. समुपदेशक शक्यतो स्त्री असावी, पक्षकारांच्या नात्यातली नसावी, हेही तिथे लिहिलेलं आहे. पण हे नियम न्यायालयाने पाठवलेल्या प्रकरणांना लागू. कोथरूड, हडपसर, वानवडी, पुण्याच्या कुठल्याही भागातल्या खासगी दवाखान्यात दर शनिवारी जोडपी येऊन बसतात, तिथे हा नियम कुणाला ठाऊक असेलच असं नाही.

याच मुद्द्यावरून पुण्याने एकदा उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. २०१४ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून न्यायालयाच्या आदेशाविना संयुक्त समुपदेशन करायला संस्थांना मनाई केली. हेतू बाईला तडजोडीत ढकलू नये असा. पण त्यामुळे ज्या बाईला कोर्टकचेरी नको आहे, फक्त कुणीतरी नवऱ्याला समोर बसवून खडसवावं असं वाटतं, तिची वाट बंद झाली. आयएलएस विधी महाविद्यालयाच्या डॉ. जया सागडे यांनी मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने ते जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतलं, आणि पूर्ण माहिती मिळाल्यावर बाईने स्वतः निवड केली असेल तर दाव्याआधीच्या समुपदेशनाची वाट मोकळी राहिली. आता या सगळ्याचा भार एका गोष्टीवर येतो: तिची निवड खरंच तिची आहे का, हे समोरच्या समुपदेशकाला ओळखता येतं का? ते शिकल्याशिवाय येत नाही.

खरं तर हे शिकवणारं ज्ञान पुण्यात गेली चाळीस वर्षं साठत आलं आहे. जून १९८२ मध्ये लग्नाला जेमतेम चार महिने झालेल्या मंजुश्री सारडाचा पुण्यात संशयास्पद मृत्यू झाला. आपल्या मनाची घालमेल तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रांतून कळवली होती. पुण्याच्या सत्र न्यायालयाने आणि नंतर उच्च न्यायालयाने पतीला दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुरावा अपुरा म्हणून त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याचे निकष सांगणारा निकाल म्हणून वकील मंडळी तो आजही उद्धृत करतात. शहरातल्या बायकांच्या मनात मात्र ती पत्रं राहिली. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला, 'मी एक मंजुश्री' हे चित्रप्रदर्शन गावोगाव नेलं, आणि 'बोलते व्हा' नावाचं केंद्र सुरू केलं. नावातच पद्धत होती: तुझं काय चुकलं हे न विचारता, तू बोल. पुढे याच मंचाने पुरुषांशी बोलण्यासाठी पुरुष संवाद केंद्रही काढलं. पुरंदर तालुक्यात 'मासूम' या संस्थेने गावातल्याच बायकांना तयार करून हे काम उभं केलं. तिकडे मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो आज राज्यभर पोहोचला आहे. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' यांनी 'दिलासा' केंद्र काढलं, आणि परिचारिकांना, डॉक्टरांना जखमांमागची कहाणी ओळखायला शिकवलं.

या संस्थांतल्या कार्यकर्त्यांकडे बहुधा मानसशास्त्राचा परवाना नसतो. परवाना असणाऱ्यांकडे बहुधा त्यांचा अनुभव नसतो. दोघं एकाच शहरात, कधी एकाच गल्लीत काम करतात. बाई सकाळी एकाकडे जाते, दुपारी दुसऱ्याकडे, आणि दोघांनाही ते ठाऊक नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की यांची गाठ नशिबावर सोडू नये, नियमाने घालून द्यावी.

या अनुभवातून काय शिकता येतं? औषधांचंच घ्या. झोपेची गोळी रात्री दहाला घेतलेली बाई साडेअकराला दारू पिऊन आलेल्या नवऱ्यापासून पळू शकत नाही, मुलाला उचलून शेजारी जाऊ शकत नाही. गोळी चूक नसेलही, पण ती लिहिण्याआधी रात्री घरात काय घडतं हे माहीत असायला हवं. धोका कसा जोखायचा, याचंही शास्त्र आहे. नवऱ्याने एकदा जरी गळा दाबला असेल तरी पुढे जिवाला असलेला धोका कित्येक पटींनी वाढतो. अंगावर वळ नसले तरी. ती घर सोडायचं ठरवते ते दिवस सर्वांत जोखमीचे. म्हणून "मग सोडून का देत नाही?" असं विचारणारा सल्लागार तिला नकळत त्याच वाटेवर एकटीला धाडतो. त्याऐवजी बसून ठरवायचं असतं: आधार कार्ड, मुलांचे दाखले, थोडे पैसे, रोजची औषधं कुठे ठेवायची, शेजारणीला कोणती खूण द्यायची, रात्री निघालीच तर कुठे जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आरोग्यसेवकांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा गाभा हाच आहे: ऐका, विचारा, तिच्यावर विश्वास ठेवा, तिची सुरक्षितता वाढवा, पुढच्या मदतीशी जोडून द्या.

जोडायचं म्हणजे पत्ते माहीत हवेत. जिल्ह्याचे संरक्षण अधिकारी कुठे बसतात, एकाच छताखाली मदत देणारं सखी केंद्र कुठे आहे, पोलिसांचा भरोसा सेल काय करतो, महिलांसाठीचा १८१ हा मदत क्रमांक कशासाठी, मोफत कायदेशीर मदत कुठे मिळते. २००५च्या कायद्याच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी पुष्कळ रुग्णालयांना माहीतच नसते. मार खाल्लेली बाई उपचारासाठी आली आणि घरगुती घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल, तर रुग्णालयाने तो स्वतः भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. त्या नमुन्यात मारहाणीबरोबरच चारित्र्यावर संशय, मुलगा होत नाही म्हणून टोमणे, नोकरी सोडायला लावणं, घरखर्चाला पैसे न देणं असे रकाने आहेत. मानसोपचाराच्या ओपीडीत जे दररोज 'घरगुती ताण' या दोन शब्दांत गुंडाळलं जातं, ते तिथे एकेक करून लिहिलेलं आहे.

आणि कागद. उपचाराचा कागद बाईला वाचवू शकतो, तसाच तिच्यावर उलटूही शकतो. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. 'तिच्या डोक्यावर परिणाम झालाय' हे सासरचं वाक्य ऐकलेलं नाही असा कौटुंबिक न्यायालयातला वकील सापडणार नाही. केसपेपरवर नुसतं 'नैराश्य, संशयी स्वभाव' लिहिलं तर तो उद्या तिच्याविरुद्धचा पुरावा होईल. 'गेली चार वर्षं नवरा मारतो असं रुग्णाने सांगितलं, डाव्या दंडावर वण दिसला, त्यानंतर झोप गेली' असं लिहिलं तर तोच कागद तिच्या बाजूने बोलेल. निदान तेच, फक्त कारण लिहिलेलं.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली एक तरतूद तर या बायकांसाठी फार मोलाची आहे. रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा हक्क आहे. तिने कुणालाच नेमलं नाही तर तो मान नातेवाइकाकडे जातो, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याकडेच. तिची स्वतः निर्णय घेण्याची क्षमता नसल्याचं ठरलं, तर तिला दाखल करण्याचा अर्ज हाच प्रतिनिधी करू शकतो, आणि त्याला आपलं काम करता यावं म्हणून उपचाराची माहितीही त्याला मिळू शकते. ज्याच्यापासून लपवायचं, त्याच्याच हाती किल्ली. पण हे टाळायला लागतं तरी किती? एक साधा कोरा कागद, त्यावर बहिणीचं किंवा मैत्रिणीचं नाव, खाली तिची सही किंवा अंगठा. मुद्रांक लागत नाही, वकील लागत नाही. हा कायदा घडवण्यात पुण्याच्याच इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा हातभार होता. तरी पहिल्या भेटीत हे बाईला सांगणारा तज्ज्ञ विरळाच, कारण त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

पुरुषही मार खातात, म्हाताऱ्या आईवडिलांना मुलं मारतात, समलिंगी जोडप्यांतही हिंसा असते. प्रशिक्षणात हे सगळं यायला हवं. भीती कुणाला वाटते, हा प्रश्न सगळीकडे तोच राहतो.

अशा प्रशिक्षणाला वेगळी इमारत किंवा मोठं अनुदान लागत नाही. पाच वर्षांतल्या शंभर गुणांपैकी दहा या विषयासाठी राखले, क्लिनिकल सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्याला महिनाभर एखाद्या विशेष कक्षात किंवा स्त्री-संघटनेच्या केंद्रात बसवलं, आणि शिकवायला त्या कक्षातल्या ताईंना मानधन देऊन बोलावलं, तरी सुरुवात होईल. गुण देण्याचे अधिकार परिषदांकडे आधीच आहेत. २०२१च्या कायद्याखालच्या व्यवसायांचे अभ्यासक्रम अजून नवे आहेत, म्हणजे बोलायची वेळ हीच आहे.

त्या कार्यशाळेच्या शेवटी प्रशिक्षक बाईंनी एक कोरा केसपेपर सगळ्यांना वाटला आणि नवी रुग्ण आली आहे असं समजून भरायला सांगितला. आम्ही भराभर भरला. नाव, वय, पत्ता, तक्रार. त्यांनी कागद गोळा केले आणि विचारलं, "मोबाईल नंबर कुणाचा लिहिलात?" कुणीच काही बोललं नाही. भेटीची आठवण करणारा संदेश त्या नंबरवर जातो, आणि पुष्कळ घरांत तो नंबर नवऱ्याचा असतो. त्यांनी एक कागद घेतला, नंबरच्या रकान्यावर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: फोन करू नये. मंगळवारी मुलीला शाळेत सोडून स्वतः येते.